कॉलेजच्या मुलांना मोफत ई-पुस्तकं: इंग्लंडमध्ये काय झालं आणि तुमच्या कॉलेजात काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज. अकरावी-बारावी, व्यवसाय अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्या आणि वर बी.ए., बी.कॉम. ग्रंथालयात ग्रंथपाल मॅडम आणि एक परिचर, बस्स. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येऊ घातली आहे म्हणून संस्थाचालकांना ‘मोफत ई-लायब्ररी’ हवी आहे, आणि एक विक्रेता ‘दहा लाख ई-पुस्तकं’ घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये दोनदा चहा पिऊन गेला आहे. मॅडम विचारतात: इंग्लंडमध्ये कॉलेजच्या मुलांना हजारो ई-पुस्तकं सरकारी खर्चाने दिली असं वाचलं, ते खरं का? आणि तसं आपल्याला करता येईल का?

ताई, खरं आहे. मी तो सगळा प्रकार आतून पाहिला. सोलापुरात एका कॉलेजात दोन वर्षं देवघेव सांभाळली, लग्नानंतर इंग्लंडला आले आणि २००७पासून मिडलंड्समधल्या एका एफई कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तेव्हा दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी एफई म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुलना चुकेल. ‘फर्दर एज्युकेशन’ला मराठीत नेमका शब्द नाही. आपलं ज्युनिअर कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निकचा थोडा भाग आणि रात्रशाळा एका छपराखाली आणली की जे होईल ते एफई कॉलेज. सकाळी आमच्या लिफ्टमध्ये ए-लेव्हलची मुलगी, गवंडीकाम शिकणारा पोरगा, केशकर्तन शिकणाऱ्या चौघीजणी आणि चाळिशीत इंग्रजी शिकायला आलेली सोमाली आई, सगळे एकदम भेटतात. अभ्यासक्रमांना लेव्हल असतात. लेव्हल १ म्हणजे वाचायला अडखळणारा, लेव्हल ३ म्हणजे साधारण आपली बारावी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे जेवढा पैसा असतो त्याच्या पासंगालाही आमचा पुरत नाही. आणि इथली बरीच मुलं अशा घरातली, जिथे पुस्तक विकत घेणं हा खर्चाच्या यादीतला शेवटचा खर्च.

तर २००९ मध्ये जिस्क नावाच्या संस्थेने एक मोठं काम केलं. जिस्क म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं आणि कॉलेजांचं नेटवर्क सांभाळणारी, त्यांच्या वतीने प्रकाशकांशी करार करणारी संस्था. आपल्याकडचं इन्फ्लिबनेट डोळ्यांसमोर आणा. तिने एफई कॉलेजांसाठी सुमारे ३,००० ई-पुस्तकांचा परवाना एकगठ्ठा घेतला. पुस्तकं ईब्ररी या प्लॅटफॉर्मवर होती, मुदत पाच वर्षं, म्हणजे २०१४पर्यंत. कॉलेजाने नाव नोंदवायचं, पैसे द्यायचे नाहीत. आणि सगळ्यात मोलाची अट अशी की एकाच वेळी कितीही मुलांनी एकच पुस्तक उघडलं तरी चालेल. एकेका कॉलेजाने प्रकाशकाच्या दारात उभं राहून घासाघीस करण्यापेक्षा सगळ्यांच्या वतीने एकाने घासाघीस करायची, एवढी साधी युक्ती. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला ती समजावून सांगायला नको.

हे एकदम सुचलं नव्हतं. आदल्या दोन वर्षांत जिस्कनेच विद्यापीठांसाठी एक प्रयोग केला होता: वैद्यक, अभियांत्रिकी, व्यवसाय आणि माध्यम या चार विषयांची ३६ पाठ्यपुस्तकं शंभरावर विद्यापीठांना मोफत उघडून दिली आणि मुलं ती कशी वापरतात याच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या एका संशोधन गटाकडून तपासून घेतल्या. प्रकाशकांना भीती होती की छापील विक्री बसेल. ती बसल्याचं दिसलं नाही. आणि दिसलं ते असं की ई-पुस्तक कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. मुलं येतात, शोधतात, एक-दोन पानं चाळतात आणि जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमच्या कॉलेजात काय झालं ते.

पहिल्याच आठवड्यात मी ३,००० नोंदी एका संध्याकाळी आमच्या कॅटलॉगमध्ये चढवल्या. फाइल तयारच आली होती, बटण दाबलं, झालं. माझ्या टेबलावरून दहा-पंधरा पुस्तकं उघडून पाहिली, फटाफट उघडली. प्राचार्यांना ईमेल केली, भित्तिपत्रकं लावली, केक सुद्धा कापला. सहा आठवड्यांनी एका शिक्षकाने सहज विचारलं, “ते पुस्तक घरून पैसे का मागतं?” मी चाट पडले. कॉलेजच्या नेटवर्कवरून आलेल्याला प्लॅटफॉर्म पत्त्यावरून ओळखत होता आणि दार आपोआप उघडत होता. घरून येणाऱ्याला आधी लॉगिनच्या पानावरून न्यायला हवं होतं, आणि तो तुकडा मी चढवलेल्या लिंकमध्ये नव्हताच. सहा आठवडे घरून एकालाही एकही पुस्तक उघडलं नव्हतं, आणि तक्रार एक नाही. मुलं तक्रार करत नाहीत हो, सोडून देतात. तेव्हापासून माझा नेम आहे: कुठलीही लिंक दिली की कॉलेजचं वायफाय बंद करून, स्वतःच्या मोबाइल डेटावर, लॉगआउट करून उघडून बघायची. तुमच्या विक्रेत्याची ई-लायब्ररी तपासतानाही हेच करा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्याच्या लॅपटॉपवर जे दिसतं त्याला काडीचा अर्थ नाही.

लिंका दुरुस्त केल्या, तरी आकडा हलेना. मग मी एक उद्योग केला. पहिल्या वर्षाच्या एका मुलाला शेजारी बसवलं, पुस्तकाचं नाव सांगितलं आणि प्रत्यक्ष पान उघडेपर्यंत तो किती ठिकाणी थांबतो ते मोजलं. कॉलेजचं संकेतस्थळ, तिथून ग्रंथालय, तिथून कॅटलॉग, शोध, छापील आणि ई-आवृत्तीतून निवड, लिंक, ‘तुमची संस्था निवडा’ची तीनशे नावांची यादी, लॉगिन (पासवर्ड आठवत नाही), अटी मान्य, पुस्तकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, आणि मग कुठे ते प्रकरण. अकरा-बारा उंबरठे. प्रत्येक उंबरठ्यावर थोडी मुलं गळतात. तुम्हाला फक्त एकच गोष्ट सांगायची असती तर ही सांगितली असती: पुस्तकं किती आहेत हे विचारण्याआधी मुलापासून पानापर्यंत उंबरठे किती आहेत ते मोजा.

आम्ही ते उतरवत आणले. कॅटलॉगमधून कुणी पुस्तक शोधेल ही आशा सोडली. शिक्षक जिथे गृहपाठ टाकतात त्या मूडलच्या पानावर, त्याच आठवड्याच्या पाठाखाली, थेट त्या प्रकरणाची लिंक टाकली. पुस्तकाची नाही, प्रकरणाची. वरच्या प्रयोगात दिसलं होतं ना, मुलं एक-दोन पानांसाठीच येतात. कॉलेजच्या संगणकाला जे लॉगिन तेच पुस्तकाला, हे करायला आयटी विभागाच्या मागे दीड वर्ष लागावं लागलं. त्या काळात ग्रंथालयाचं सगळ्यात महत्त्वाचं काम मी आयटीच्या खोलीत उभी राहून केलं असं म्हटलं तरी चालेल. उंबरठे तीनावर आले आणि वापर वाढला. पुस्तकं तीच होती.

पण सगळ्यांचा वाढला नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्यांना तो संच खरोखर फळला ते म्हणजे ‘ॲक्सेस’ अभ्यासक्रमाचे प्रौढ विद्यार्थी. तिशी-पस्तिशीतल्या, दिवसा नोकरी करणाऱ्या, नर्स व्हायचं म्हणून परत शिकायला आलेल्या बायका. रात्री मुलं झोपल्यावर अकरा ते एक या वेळात आमच्या आकडेवारीत जो उंचवटा दिसायचा तो त्यांचा. ग्रंथालय तेव्हा बंद असतं. त्यांच्यासाठी ई-पुस्तक ही चैन नव्हती, दुसरी सोयच नव्हती. आरोग्य आणि समाजसेवा, बालसंगोपन, व्यवसाय, मानसशास्त्र, हे विषय चालले. गवंडी, प्लंबर, केशकर्तन, स्वयंपाकी यांच्यात जवळपास शून्य.

का शून्य? एक कारण पातळीचं: लेव्हल १च्या मुलासमोर विद्यापीठाच्या भाषेतलं पुस्तक ठेवून उपयोग नाही. दुसरं कारण पुस्तकाच्या अंगाचं. केस कापायचं पुस्तक म्हणजे मोठ्ठी चित्रं, पायरीपायरीने. छापील पान जसंच्या तसं पीडीएफ करून छोट्या पडद्यावर आणलं की बोटाने सरकवून सरकवून जीव जातो. आणि तिसरं कारण बाजाराचं, जे तुमच्याकडेही लागू आहे. ज्या पुस्तकाच्या शंभर प्रती दरवर्षी वर्गाला हमखास विकल्या जातात ते पुस्तक प्रकाशक ग्रंथालयाच्या मोफत संचात कशाला देईल? तो ते दर विद्यार्थी, दर वर्षी अशा भावाने वेगळं विकतो. म्हणून कुठल्याही मोठ्या संचात अवतीभवतीची पुस्तकं भरपूर असतात आणि परीक्षेला लागणारं नेमकं एक नसतं. विक्रेत्याची दहा लाखांची यादी बघताना हे आठवा. तुमच्या बारावी वाणिज्यच्या पोराला जे पुस्तक हवं ते त्या दहा लाखांत आहे का, एवढंच बघायचं.

परवान्यांचे प्रकार थोडक्यात सांगते, कारण ‘ई-पुस्तक घेतलं’ या दोन शब्दांत बरीच फसगत लपलेली असते. एकच वाचक: एकाने उघडलं की दुसऱ्याला दार बंद, छापील प्रतीसारखंच, फक्त हरवत नाही. तीन वाचक: तसंच, तिघांपुरतं. अमर्याद: कितीही. चौथा प्रकार पंचाच्या पासासारखा: वर्षाला ठरावीक वेळा उघडता येतं, उघडलं की एक पंच जातो, पंच संपले की वर्ष उलटेपर्यंत बंद. एका परीक्षेच्या आठवड्यात ऐंशी मुलांच्या वर्गाने असा वर्षाचा पास संपवलेला मी पाहिला आहे. पाचवा प्रकार वर्गणीचा: हजारो पुस्तकं स्वस्तात, पण पैसे थांबले की सगळी गायब, आणि पैसे चालू असतानाही प्रकाशक मधूनच शीर्षकं काढून घेतो. एका पुरवठादाराने ऐन फेब्रुवारीत आमच्या वाचनयादीतली दोन पुस्तकं अशी उचलली. कळवलं होतं म्हणे, एका फाइलच्या चौथ्या पानावर.

त्यातही विकत घेण्याचा रस्ताच आता अरुंद होतो आहे. ती ईब्ररी कंपनी २०११ मध्ये प्रोक्वेस्टने घेतली, तिचा प्लॅटफॉर्म पुढे ईबुक सेंट्रलमध्ये मिसळला, प्रोक्वेस्टला २०२१ मध्ये क्लॅरिव्हेटने घेतलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लॅरिव्हेटने जाहीर केलं की एकदाच पैसे भरून कायमचं ई-पुस्तक घेण्याची सोय बंद, इथून पुढे वर्गणी. ग्रंथपालांनी आरडाओरडा केला तेव्हा मुदत जून २०२६पर्यंत पुढे ढकलली, निर्णय कायम राहिला. जिस्कने २०१४ नंतरही कॉलेजांसाठी मोफत संच चालू ठेवला, पण यादी तीच राहिली नाही. आम्ही प्रकरणाप्रकरणाला जोडलेल्या लिंका पुन्हा तपासत, तोडत, जोडत बसलो. दाखल-नोंदवहीत चढवलेलं पुस्तक आपलं असतं हा जो आपल्या धंद्यातला विश्वास, तो इथे लागू नाही.

२०२०च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा तर सगळंच उघडं पडलं. पहिले काही महिने बऱ्याच प्रकाशकांनी दारं फुकट उघडली, उन्हाळा संपता संपता ती परत लावली, आणि मागोमाग किमती अशा आल्या की छापील प्रत तीस पौंडांना आणि तेच पुस्तक ग्रंथालयासाठी ई-रूपात शेकडो पौंडांना. त्यावर ‘ईबुकएसओएस’ नावाची मोहीम इथल्या ग्रंथपालांनी उभी केली, हजारो सह्या गेल्या, चौकशीची मागणी झाली. त्याच वर्षी १ मेपासून ई-पुस्तकांवरचा वीस टक्के व्हॅट शून्य झाला, तेवढा दिलासा. मला यातून समजलं ते असं की ‘मोफत’ म्हणजे कुणीतरी दुसरा पैसे भरतोय, आणि तो कुणी आहे आणि कधीपर्यंत भरणार हे विचारल्याशिवाय त्यावर वर्गाची मांडणी करू नये.

एक अहवाल मात्र मी दर महिन्याला न चुकता बघते. ‘काउंटर’ नावाचं एक प्रमाणक आहे, सगळे मोठे पुरवठादार त्यानुसार आकडेवारी देतात. कुठलं पुस्तक किती वाचलं जातं हा अहवाल सगळे बघतात. मी बघते तो नकारांचा: कुठलं पुस्तक मुलांनी उघडायचा प्रयत्न केला आणि दार बंद मिळालं. देवघेवीच्या खिडकीवर “मॅडम, ते पुस्तक आहे का?” असं विचारून परत गेलेल्या मुलांची ही यादी. आपल्याकडे अशी नोंद ठेवायची पद्धत जवळजवळ नाहीच. तुमच्या छापील संग्रहासाठीसुद्धा एक वही ठेवा, दोन महिन्यांत खरेदीची यादी आपोआप तयार होते.

आता तुमच्याकडे येते.

जिस्कने केलं तसं एकटं कॉलेज करू शकत नाही, करूही नये. पण तुमच्या वाट्याला आलेली बरीचशी पुस्तकं आधीच मोफत आहेत, फक्त विखुरलेली आहेत आणि प्रत्येकाच्या आड दहा उंबरठे आहेत. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफ रूपात त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. म्हणजे गंमत बघा, इथे आम्हाला जे कधीच मिळालं नाही, परीक्षेला लागणारं नेमकं पुस्तक, ते महाराष्ट्रातल्या मुलाला मोफत आहे. आणि कितीतरी मुलांना ते माहीत नसतं, किंवा टेलिग्रामवरून कुणीतरी ढकललेली, मधली पानं गाळलेली, जुन्या अभ्यासक्रमाची फाइल ती वापरत असतात. व्यवसायाच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या भारत स्किल्स पोर्टलवर आयटीआयच्या ट्रेडची पुस्तकं आहेत. तुमचा अभ्यासक्रम हुबेहूब तोच नसला तरी विद्युत आणि यंत्रदुरुस्तीची प्रात्यक्षिकं उपयोगी पडतील. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर पदविकेची पुस्तकं मराठीत आहेत. संदर्भासाठी मराठी विश्वकोश पूर्ण खुला आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःची पुस्तकं उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी अफाट आहे. पण तिथे प्रत्येक नोंदीमागे पूर्ण पुस्तक असेलच असं नाही, म्हणून मुलांना “जा, शोधा” म्हणून सोडू नका, तुम्ही शोधून थेट लिंक द्या.

बी.ए., बी.कॉम.साठी एन-लिस्ट, म्हणजे इन्फ्लिबनेटची कॉलेजांसाठीची वर्गणी योजना घ्या, घेतली नसेल तर. वर्षाला काही हजारांत जवळपास दोन लाख ई-पुस्तकं आणि हजारो नियतकालिकं मिळतात, त्यापुढे विक्रेत्याचा भाव ठेवून बघा. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आणि पदवीच्या वरची आहेत, हे खरं. प्राध्यापकांना आणि एम.ए. करणाऱ्यांना जास्त लाभ. तिथे प्रत्येक मुलाचं वेगळं खातं उघडावं लागतं. ते काम ऑगस्टमध्ये प्रवेश संपल्यावर एकदाच, हजेरीपटाची एक्सेल घेऊन करा, आणि पहिला लॉगिन तुमच्यासमोर वर्गात करून घ्या. खातं उघडलं आणि कधीच वापरलं नाही, हा उंबरठा सगळ्यात उंच. वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची ती योजना जानेवारी २०२५ला सुरू झाली, पण ती संशोधन नियतकालिकांची आणि सरकारी संस्थांसाठीची आहे. तुमच्या अकरावीला तिचा उपयोग नाही.

हे सगळं एका पानावर आणा. संकेतस्थळ नसेल तर एक साधी गुगल साइट पुरते. विषयवार नको, वर्गवार करा: ‘अकरावी वाणिज्य’, ‘बारावी विज्ञान’, ‘विद्युत तंत्रज्ञान’. मुलगा आपल्या वर्गाचं नाव ओळखतो, आपलं दशांश वर्गीकरण नाही. प्रत्येक वर्गाखाली दहा-बारा लिंकांपेक्षा जास्त नको. त्या पानाचा क्यूआर कोड छापून छापील पुस्तकांच्या रॅकवर, त्याच विषयापाशी चिकटवा, आणि वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात तो धडा चालू असेल त्या आठवड्यात ती एकच लिंक टाका. आमच्या मूडलचं काम तुमच्याकडे व्हॉट्सॲप करेल, आणि खरं सांगू, जास्त चांगलं करेल, कारण तिथे लॉगिनच नाही.

नेटचा प्रश्न येणारच. वाचनकक्षात एक छोटा सर्व्हर, अगदी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा, आणि एक वायफाय राउटर ठेवला की किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरून अख्खा मराठी विकिपीडिया आणि गुटेनबर्ग प्रकल्पाची हजारो इंग्रजी पुस्तकं इंटरनेटशिवाय मोबाइलवर उघडता येतात. खर्च काही हजारांचा. मात्र दुसऱ्याच्या पीडीएफ स्वतःच्या सर्व्हरवर चढवताना थांबा. लिंक देणं वेगळं आणि प्रत ठेवणं वेगळं. फुकट दिसतं ते हक्कमुक्त असतंच असं नाही. बालभारती असो की साहित्य आणि संस्कृती मंडळ, त्यांना एक पत्र टाका आणि लेखी उत्तर फाइलला लावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५०ला गेले, त्यांचं मूळ लेखन आता खुलं आहे. पण कालच निघालेल्या आवृत्तीची नवी प्रस्तावना खुली नाही.

एक गोष्ट संस्थाचालक कधी विचारणार नाहीत, पण तुम्ही करा. वर्गात एखादं दृष्टिहीन किंवा अगदी कमी दिसणारं मूल असतंच. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो असतो, फोनमधलं मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती बोलून दाखवू शकत नाही. अशा वाचकांसाठीचा मराकेश करार मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत आहे, २०१४ मध्ये. आपल्या कायद्यातही २०१२च्या दुरुस्तीनंतर अशा मुलांसाठी पुस्तक वाचनीय रूपात आणायला परवानगी आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात त्या मुलाची नोंदणी करून द्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. आमच्याकडे हेच काम आरएनआयबी या दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेचं बुकशेअर करतं आणि तेही मोफत आहे. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात आनंदाचा लॉगिन तिथला आहे.

आता तो विक्रेता. त्याला हाकलू नका, पण चहाआधी कागद मागा. सगळ्या शीर्षकांची एक्सेल यादी, प्रकाशक आणि वर्षासकट. तुमच्या वाचनयादीतली पन्नास नावं तुम्हीच त्यात शोधा. माझा अंदाज, पाचसुद्धा सापडणार नाहीत. यादीतली किती पुस्तकं आधीच फुकट आहेत तेही बघा. हक्कमुक्त जुनी इंग्रजी पुस्तकं आणि खुल्या संग्रहांतल्या फाइली एकत्र बांधून विकणं हा चालू धंदा आहे. एकाच वेळी किती मुलं, मुदत किती, मुदतीनंतर हातात काय राहतं, महिन्याचा वापर-अहवाल मिळेल का, हे लेखी घ्या. आणि पंधरा दिवसांची चाचणी मागा, ती मुलांच्या फोनवर, कॉलेजच्या बाहेर, एसटी स्टँडवर उभं राहून करा. यातलं काही तो देत नसेल तर प्राचार्यांना सांगायला तुमच्या हातात कारण आलं.

नॅकच्या समितीसमोर दहा लाखांचा आकडा भारदस्त वाटतो, हे मला माहीत आहे. त्याच्याऐवजी वर्गवार पानाची छापील प्रत, प्रत्येक महिन्याला किती मुलांनी ते उघडलं त्याचा तक्ता, आणि नकारांची वही पुढे ठेवा. समितीत एक जरी ग्रंथपाल असेल तर त्याला कळेल.

वाचलेल्या पैशातून बुक बँकेच्या प्रती वाढवा. ई-पुस्तकं आली म्हणून छापील प्रती कमी करा असं कुणीतरी ग्रंथालय समितीत म्हणणारच. इथेही म्हणाले होते, आम्ही त्यांचं ऐकून केशकर्तनच्या पुस्तकांच्या प्रती अर्ध्यावर आणल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या चौघीजणी एका प्रतीवर वाकून बसलेल्या पाहून पुन्हा मागवल्या.